औषधाची पारख आणि रोग्याचा हक्क

२६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांचा क्षयानें अंत झाला. वर्षापूर्वींच त्यांनीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी संपादन केली होती. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्याच्या पांच वर्षें आधीं, २४ मार्च १८८२ रोजीं, बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें होतें. म्हणजे रोगाचें कारण जगाला कळलें होतें. परंतु स्वतः डॉक्टर असलेल्या या तरुणीला वांचवूं शकेल असें औषध ना पूर्वेच्या वैद्यकांत होतें, ना पश्चिमेच्या. शत्रूचें नांव कळणें निराळें आणि त्याला जिंकण्याचें शस्त्र हातीं येणें निराळें. या दोहोंमधील वाट कशी चालली गेली, ही मोठी बोधप्रद हकीकत आहे.

१८९० सालीं कॉख यांनींच 'ट्युबर्क्युलिन' नांवाचा उपाय पुढें केला. ज्यानें जंतु शोधला त्याचा शब्द कोण खोटा मानील? देशोदेशींचे रोगी बर्लिनकडे धांवले. थोड्याच काळांत दिसून आलें कीं, या उपायानें क्षय बरा होत नाहीं. उलट कित्येकांचा आजार बळावला. पुढें सोन्याच्या क्षारांचीं इंजेक्शनें देण्याची टूम निघाली. क्षय हा मुळांतच लहरी रोग. तो कधीं आपण होऊन ओसरतो, कधीं एकाएकीं उसळतो. ओसरला तर यश औषधाचें आणि उसळला तर दोष नशिबाचा, असा हिशेब सर्वत्र चाले. १९३१ सालीं अमेरिकेंतील कांहीं डॉक्टरांनीं हा हिशेब तपासून प्रसिद्ध केला. सारखेच आजारी असे २४ रोगी घेऊन त्यांचे बारा-बारांचे दोन गट केले, आणि कोणत्या गटाला सोनें द्यावयाचें हें नाणें उडवून ठरविलें. सोन्यानें गुण तर आला नाहींच, अपाय मात्र झाला. एवढ्या साध्या नाण्यानें जें दाखविलें, तें नामांकित वैद्यांच्या वर्षानुवर्षांच्या अनुभवाला दिसलें नव्हतें.

१९४३ सालीं अमेरिकेंत मातींतील सूक्ष्म जीवांपासून स्ट्रेप्टोमायसीन निघालें. युद्धानें खंक झालेल्या इंग्लंडच्या वांट्याला तें फारच थोडें आलें. सर्व रोग्यांना पुरणें अशक्यच होतें. तेव्हां तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलनें असें ठरविलें कीं, औषध कोणाला द्यावें आणि कोणाला केवळ विश्रांति द्यावी, हें डॉक्टरांच्या मर्जीवर सोडूं नये. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं त्याची रीत घालून दिली. कोणताहि क्रम नसलेल्या अंकांवरून चिठ्ठ्या तयार केल्या, त्या लखोट्यांत बंद केल्या, आणि रोगी निवडला गेल्यावरच त्याचा लखोटा फोडावयाचा असा दंडक ठेविला. रोगी एकंदर १०७ होते. त्यांपैकीं ५५ जणांना विश्रांतीबरोबर औषध मिळालें, ५२ जणांना नुसती विश्रांति. सहा महिन्यांनीं पाहतां पहिल्या गटांत ४ मृत्यु झाले होते आणि दुसऱ्यांत १४. ३० ऑक्टोबर १९४८ रोजीं हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मराठवाडा निजामाच्या अंमलांतून मोकळा होऊन त्या दिवशीं पुरे दोन महिनेहि लोटले नव्हते.

त्याच प्रयोगानें एक दुसरी गोष्टहि शिकविली. एकटें स्ट्रेप्टोमायसीन दिलें असतां कित्येकांच्या शरीरांतील जंतु त्याला दाद देईनासे होतात. म्हणून दोन किंवा अधिक औषधें एकत्र देण्याची पद्धत पुढें रूढ झाली. परंतु या उज्ज्वल यशाला एक काळी किनार आहे. ज्या ५२ जणांना औषध मिळालें नाहीं, त्यांना आपण एका प्रयोगांत आहों हें कोणी सांगितलेंच नव्हतें. औषध अपुरें होतें, म्हणून त्या वांटणींत अन्याय नव्हता, असें फार तर म्हणतां येईल. पण माणसाच्या देहावर जें चाललें आहे तें त्याला ठाऊक असूं नये, हें आजच्या न्यायबुद्धीला पटणारें नाहीं.

यानंतरचा मोठा अध्याय हिंदुस्थानांतच लिहिला गेला. श्रीमंत रोगी पांचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन राहत; तेथील बेल-एअर आरोग्यधाम डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं स्थापिलें होतें. पण खेड्यांतल्या मजुरानें पांचगणीस कशाच्या बळावर जावें? १९५६ सालीं मद्रास येथें क्षयावरील औषधोपचारांचें एक केंद्र निघालें आणि त्यानें हाच प्रश्न हातीं घेतला. गरीब वस्तींतील रोग्यांचे चिठ्ठ्यांप्रमाणें दोन गट करण्यांत आले. एका गटाला आरोग्यधामांत ठेविलें. दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरींच राहूं दिलें. घरच्यांना अन्न हलकें मिळे, जागा कोंदट असे, विसांवाहि कमी. तरीसुद्धां वर्षाअखेर दोन्ही गटांचा गुण जवळजवळ सारखाच आला. आणि घरांतील इतर माणसांना रोग जडण्याचें प्रमाणहि वाढलें नाहीं. गुण येतो तो हवेनें नव्हे, तर औषध नियमानें घेतल्यानें, हें सिद्ध झालें. आज तालुक्याच्या गांवीं क्षयाचा रोगी सरकारी औषध घेऊन आपल्या घरीं बरा होतो, तो मद्रासच्या त्या गरीब रोग्यांच्या पुण्याईनें.

प्रत्येक पारख यशस्वी होतेच असें नाहीं. १९६८ सालीं मद्रासजवळ चिंगलपट येथें बी. सी. जी. लसीची फार मोठी चाचणी सुरू झाली. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस तेथें संरक्षण देऊं शकली नाहीं, असा निकाल निघाला. तो कटु असला तरी खरा होता. शोध तेथेंच थांबला नाहीं. २०१९ सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत, क्षयरोग्यांच्या घरांतील निरोगी माणसांवर दोन नव्या लसींची पारख आरंभिली. त्यांपैकीं एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती.

परंतु जेथें अज्ञान आणि दारिद्र्य आहे तेथें प्रयोगाचा दुरुपयोगहि होऊं शकतो. देशांत औषधांच्या चाचण्या वाढल्या, तशा रोग्यांच्या संमतीविषयीं व भरपाईविषयीं तक्रारी होऊं लागल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें आणि २०१३ सालीं न्यायालयानें सरकारला खडसावलें. पुढें १९ मार्च २०१९ रोजीं नवे नियम जारी झाले. हेतु, धोका व पर्याय रोग्याला समजेल अशा भाषेंत सांगितल्याखेरीज त्याची सही घेतां येत नाहीं. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्यासाठीं निःपक्षपाती साक्षीदार हवा. प्रयोगामुळें इजा झाल्यास उपचार विनामूल्य, आणि नियमाप्रमाणें भरपाईहि. शिवाय रोगी कोणतेंहि कारण न देतां केव्हांहि बाहेर पडूं शकतो. त्यामुळें त्याच्या नेहमींच्या उपचाराला बाध येत नाहीं.

आतां मंठ्याचा विचार करावा. जालन्यापासून साठएक किलोमीटरवरचें हें तालुक्याचें गांव. येथील एखाद्या घरांत वडिलांचा खोकला दोन आठवडे हटत नाहीं, किंवा चुलीच्या धुरांत जन्म घालविलेल्या आजीला पायरी चढतां दम लागतो. अशा घरानें प्रथम करावयाची गोष्ट एकच: सरकारी रुग्णालयांत तपासणी. क्षयाची तपासणी आणि औषधें तेथें विनामूल्य मिळतात. सिद्ध झालेला उपचार सोडून प्रयोगामागें धांवणें म्हणजे हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागणें होय. मात्र क्षयाचे जंतु नेहमींच्या औषधांना दाद देत नसतील, किंवा फुप्फुस झिजविणाऱ्या ज्या विकाराला पुरता उपाय अद्याप नाहीं असा विकार असेल, तर चालूं असलेल्या चाचणीचा शोध घेणें शहाणपणाचें ठरूं शकतें.

हा शोध कोणा दलालाकडे घ्यावयाचा नसतो. २० जुलै २००७ पासून वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विद्यमानें दिल्लींत अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेविली जाते, आणि १५ जून २००९ पासून तींत नोंद करणें बंधनकारक झालें. ती कोणालाहि इंटरनेटवर फुकट पाहतां येते. चाचणी कोणत्या रोगाची, कोणत्या शहरांतील कोणत्या रुग्णालयांत, कोणत्या वयाचे व कशा अवस्थेंतील रोगी घेणार, खर्च कोण करतो, नीतिसमितीची मान्यता आहे कीं नाहीं, हें सर्व तींत लिहिलेलें असतें. भाषा इंग्रजी आहे. पण घरांतील शिकलेला मुलगा किंवा मुलगी तें वाचून सांगूं शकेल. मग तो कागद जालन्याच्या जिल्हा क्षयरोग केंद्रांतील किंवा छत्रपति संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांस दाखवून त्यांचें मत घ्यावें.

सही करण्यापूर्वीं कांहीं प्रश्न स्पष्ट विचारावे. नवें औषध मिळेलच, कीं चिठ्ठीनें दुसऱ्या गटांत जावें लागेल? चालूं औषध बंद करावें लागेल काय? किती खेपा घालाव्या लागतील, प्रवासाचा खर्च आणि बुडालेला रोज कोण भरून देईल? रात्रीं दम कोंडला तर कोणाला कळवावयाचें? आणि चाचणी संपल्यावर गुणकारी ठरलेलें औषध पुढें मिळेल काय? या प्रश्नांना जो त्रासतो, त्याच्या कागदावर सही न करणेंच बरें. कागद घरीं नेऊन, वडील माणसांशीं विचार करून दुसऱ्या दिवशीं उत्तर देणें यांत रोग्याचा कांहींच उणेपणा नाहीं.

आनंदीबाईंच्या काळीं पारख झालेलें औषधच नव्हतें. १९४८ सालीं पारख झाली, पण अर्ध्या रोग्यांना तिचा पत्ता नव्हता. आज पारखहि आहे आणि ती जाणून घेण्याचा हक्कहि आहे. हा हक्क नियमाच्या पुस्तकांत लिहिला जाऊन पुरत नाहीं, मंठ्याच्या एस. टी. स्थानकावर खोकत बसलेल्या माणसाला तो ठाऊक झाला, म्हणजेच या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या खटपटीचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.