बटीक, मोलकरीण आणि चोवीस तासांची बाई



घरात राहून काम करणाऱ्या बाईला आपल्या मराठीत आजवर जी नावं मिळाली, ती ओळीनं लिहून काढली तरी बराचसा इतिहास हाती लागतो. बटीक, कुणबीण, मोलकरीण, कामवाली, बाई, मावशी. ही काही एकाच कामाची वेगवेगळी नावं नव्हेत. प्रत्येक नावामागे एक वेगळा हिशेब आहे.

पेशवाईच्या कागदपत्रांत ज्यांना कुणबिणी किंवा बटकी म्हटलं आहे, त्या विकत घेतलेल्या बायका होत्या. दळण, कांडण, पाणी भरणं, झाडलोट अशी कामं त्या सरदार-सावकारांच्या घरी आणि सरकारी कोठ्यांतही करत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या कुणाला देऊनही टाकल्या जात. (पेशव्यांच्या काळात 'कुणबीण' म्हणजे दासी, हा अर्थ कुणबी समाजाशी जोडू नये.) 1843 च्या कायद्यानं कोर्टांनी माणसावरची अशी मालकी मानायचं थांबवलं. पुढं 1860 च्या दंडसंहितेत माणूस गुलाम म्हणून विकणं-घेणं गुन्हा ठरलं. म्हणजे आपल्या खापरपणजीच्या काळापर्यंत ही गोष्ट अगदी उघड चालत होती.

'मोलकरीण' हा शब्द मात्र मला आवडतो. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. बटकीच्या बाबतीत मोल माणसाचं होतं आणि ते विकणाऱ्याच्या खिशात जात होतं. मोलकरणीच्या बाबतीत मोल कामाचं, आणि ते तिच्या हातात. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे मला हा फरक फार मोठा वाटतो. एकीची नोंद मालमत्तेत होती, दुसरीची पगाराच्या खर्चात.

हा फरक आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दास आणि कर्मकर यांच्यावर एक प्रकरणच आहे. नोकरानं जे वेतन बोलून घेतलं असेल ते त्याला द्यावं, बोलणं झालं नसेल तर काम आणि वेळ पाहून द्यावं, असं तो सांगतो. आणि हे ठरलेलं शेजाऱ्यांनाही माहीत असावं, असंही म्हणतो. आपण आज शेजारणीला विचारतो ते एवढंच, की तुमच्या बाईला तुम्ही किती देता!

आता आपल्या घरचा ग्रंथ बघू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार दिले आहेत. परिग्रह-परिमाण व्रतात शेत, घर, सोनं, धन-धान्य यांच्या रांगेत दासी-दासही आहेत. म्हणजे त्या काळी माणसं मालमत्तेत मोजली जात होती, हे आपल्या ग्रंथावरूनही दिसतं. पण त्याच अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं लादणं, खाणं-पिणं अडवणं. टीकाकार यांतले काही अतिचार गाई-बैलांचं उदाहरण देऊन समजावतात. पाठशाळेत आपणही तसंच शिकलो. पण बैलाला जे लागू, ते आपल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला लागू नाही, असं कसं म्हणणार?

चंदनेची कथा आठवा. राजकन्या असून ती कौशांबीत विकली गेली. दिगंबर आणि श्वेतांबर कथांत नावं आणि तपशील थोडे वेगळे आहेत, पण गाभा एकच. सेठाच्या बायकोला संशय आला आणि तिनं या मुलीला बेड्या घालून कोंडलं, निकृष्ट अन्नावर ठेवलं. भगवान महावीरांनी आहार घेतला तो तिच्या हातून. हीच चंदना पुढं छत्तीस हजार आर्यिकांची प्रमुख झाली. आपण ही कथा आहारदानाचा महिमा म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. तिला कोंडणारी घरची मालकीण होती. घरातल्या बाईचे हाल किंवा सुख बहुतेक वेळा दुसऱ्या बाईच्याच हातात असतं.

कायदा या दारापाशी फार उशिरा पोचला. घरकामगारांसाठी 1959 मध्ये संसदेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. 1980 मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली ती 2006 च्या ऑक्टोबरात. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला 2008 मध्ये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईचाही समावेश आहे. आणि जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाला केंद्र सरकारला सांगावं लागलं, की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करता येईल का ते पाहा.

यात घरी राहणाऱ्या बाईची अडचण सगळ्यांत मोठी. धुणं-भांडीवाली काम संपलं की चप्पल घालून निघते. राहणाऱ्या बाईचं काम संपतं कधी? तिची रात्रही आपल्याच घरात. तिथं मोलकरीण आणि बटीक यांच्यातली रेघ पुसट होऊ लागते. म्हणून माझ्या सासूबाईंसाठी बाई ठेवायची ठरली, तेव्हा मी मुलाखतीसाठी एक वही केली. आधार कार्ड, पोलिसांकडची नोंद, आधीच्या घरचा फोन, हे तर घेतलंच. पण समोरच्या पानावर आपल्या बाजूनं काय कबूल करायचं, ते या अतिचारांवरूनच लिहिलं.

अतिभारारोपण: रात्री सासूबाईंना तीनदा उठवावं लागतं, तर दुपारी दोन ते पाच तिची झोप. त्या वेळात हाक मारायची नाही. आठवड्याची एक सुट्टी, तो दिवस आम्ही सांभाळायचा. बंध: तिच्या खोलीला आतून कडी, फोन तिच्याजवळ, कागदपत्रांची फक्त झेरॉक्स आपल्याकडे. पगार ठरल्या तारखेला तिच्याच खात्यात, एजंटाच्या हातात नाही.

आणि अन्नपाननिरोध. इथं आपल्या घरांत खरी कसोटी आहे. आमच्याकडे सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, कांदा-लसूण येत नाही. हे मी आलेल्या प्रत्येकीला पहिल्याच भेटीत सांगितलं. दोघींनी नको म्हटलं, ते बरंच झालं, मागून कुरकुर नको. तिसरी म्हणाली, "कांदा नसला तरी चालेल ताई, पण रात्री जागायचं तर पोटात काही लागतं." तिचं खरंच होतं. मी संध्याकाळीच तिच्यासाठी चार भाकरी, भाजी आणि दूध झाकून ठेवते. रात्री ती जेवते. घरातल्या एकदोघांना हे रुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, रात्रिभोजनत्यागाचं व्रत मी घेतलंय, तिनं नाही. माझ्या व्रतासाठी तिला उपाशी जागवलं, तर एक व्रत पाळताना दुसऱ्याला अतिचार लागेल.

तुमच्याकडेही बाई ठेवायची असेल, तर विश्वासू आहे का, हे जरूर विचारा. आणि मग जरा थांबून तिलाही विचारू द्या. ती काय विचारते ते लिहून घ्या. वहीचं एक पान पुरतं. खाली दोघींच्या सह्या करा आणि एक प्रत तिला द्या.