वय वाढलेल्या विद्यार्थ्याची फी कोण भरणार?

सावित्रीबाईंचं नाव घेताना आपण भिडे वाडा आणि 1848 साल सांगतो. त्याआधीचं नगर मात्र सांगायचं राहून जातं. त्या शिक्षिका झाल्या त्या आधी शिकून, आणि त्या शिकण्यातला एक टप्पा आपल्या नगरात झाला, मिस सिंथिया फॅरार यांच्या संस्थेत. लग्न होऊन काही वर्षं झालेली बाई विद्यार्थिनी म्हणून बसली होती. त्या काळाच्या हिशोबाने तिचं शिकायचं वय कधीच उलटलेलं!

फॅरारबाई 1827 साली अमेरिकेतून मुंबईला आल्या, 1839 पासून नगरला राहिल्या आणि 1862 साली इथेच वारल्या. त्यांच्या कामाचा खर्च अमेरिकन मिशन करायचं. म्हणजे तिकडच्या चर्चमधल्या साध्या माणसांनी दिलेली वर्गणी. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो लपवायचं कारण नाही. पण मोठ्या वयाच्या बाईच्या शिक्षणावर कुणीतरी पैसा लावला, हेही तितकंच खरं.

पुढे पैसा देणारे हात बदलले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरचं मूठभर धान्य गोळा केलं, कमवा आणि शिका रुजवलं. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 साली अहमदनगर कॉलेज काढलं. विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरेचा कारखाना उभा राहिला, आणि साखरेच्या पैशातून जिल्ह्यात शाळा-कॉलेजं निघाली. उसाच्या बिलातून कापलेल्या रुपयावर आपल्यातले कितीतरी जण शिकलेत, मान्य करायला काय हरकत आहे?

पण हे सगळं धरलं गेलं अठरा-वीस वर्षांच्या पोरांसाठी. शाळा सुटलेला हमाल, तिशीत परत पुस्तक हातात घेतलेली बाई, यांचा विचार फार थोड्यांनी केला. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. बारावी नसलेल्यांनाही पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीला बसता येऊ लागलं. दार उघडलं, पण फी ज्याची त्याने भरायची.

सरकारी मदतीचं म्हणाल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची अट वाचा. विद्यार्थी नियमित, पूर्णवेळ हवा. दूरस्थ आणि अर्धवेळ शिकणारे बाद. आता दिवसभर दुकानात उभा राहणारा माणूस पूर्णवेळ विद्यार्थी कसा होणार? ज्याला कमवत शिकायचंय, नेमका तोच वगळला.

मुंबईत 2008 साली निकिता केतकर यांनी रात्रशाळांसाठी ‘मासूम’ संस्था सुरू केली. पुस्तकं, संध्याकाळचा खाऊ, दहावीनंतर पुढे काय याचं मार्गदर्शन, असं ते काम. आपल्याकडे हिंद सेवा मंडळाच्या भाई सथ्था नाईट हायस्कूलपर्यंतही ही मदत पोहोचली. मुंबईची संस्था इथवर येते, आणि इथले ट्रस्ट, पतसंस्था, कारखाने दहावीच्या गुणवंतांना ट्रॉफ्या वाटत बसतात. (बातम्या आम्हीच छापतो म्हणा!)

रात्रशाळेतून दहावी झालेल्याला अकरावीची फी, बसचा पास आणि परीक्षेच्या दिवसांतली बुडालेली मजुरी, एवढंच लागतं. कारखान्याच्या आणि पतसंस्थेच्या वार्षिक सभा दरवर्षी होतात. शिक्षण निधीचा विषय पुकारला की सभासद म्हणून उठा आणि विचारा, यात पंचवीस वर्षांवरचा एक तरी विद्यार्थी आहे का. उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये टाका, मी बातमी करतो.