पंचरंगीचा एक हंगाम

विट्याच्या माणसास बाजू घेण्यास शिकवावे लागत नाही. दसऱ्याच्या दिवशी रेवणसिद्धाच्या दोन पालख्या, एक सुळेवाडीच्या मूळस्थानाची आणि दुसरी विटेकरांची, खांद्यावर घेऊन माणसे धावू लागली, की वर्षभर एका ताटात जेवणारी मंडळीही तेवढ्या घटकेपुरती एकमेकांस ओळखीनाशी होतात. दोन्ही पालख्यांत देव एकच आहे, ही गोष्ट त्या गर्दीत कुणी बोलून दाखवीत नाही. आणि दाखविली तरी ती ऐकण्यास कुणास सवड नसते. अशा गावात चढाओढीच्या आठवणी निघाव्यात यात नवल नाही. नवल वाटावे ते याचे, की आमच्या लहानपणी घराच्या ओसरीवर ज्या हंगामाच्या आठवणी पुन्हापुन्हा निघत, तो हंगाम कुस्तीचा नव्हता, विट्याचा नव्हता, आणि आठवणाऱ्यांपैकी कुणीही तो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तो होता मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा, सन १९४३ च्या अखेरीचा हंगाम.

आठवणारी मंडळी म्हणजे आमचे थोरले काका आणि त्यांचे तिघे-चौघे कॉलेजातील सोबती. सांगलीजवळ विश्रामबागेस डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली विलिंग्डन कॉलेज काढले, तेव्हापासून आमच्या भागातील ज्या घरांना मुलगा शिकविण्याचे बळ होते ती घरे त्यास तिकडे धाडू लागली. त्या काळचा नकाशा आजच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. विटे हे सातारा जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे ठाणे, म्हणजे इंग्रजी अंमलाखालचे, सांगली पटवर्धनांचे संस्थान, जत डफळ्यांचे, आणि शेजारची आटपाडी औंधकरांची. विट्याचा मुलगा ट्रंक घेऊन कॉलेजास निघाला, की दिवसाच्या प्रवासात एका राजवटीतून दुसरीत जाई. तेथे गेल्यावर मात्र त्याची बाजू आपोआप ठरे. कॉलेजचा सामना असला म्हणजे आपले कॉलेज ते आपले. त्यात विचार करण्याजोगे काही नसे.

पंचरंगीचे तसे नव्हते. त्या सामन्यांचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण तो आता पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे. युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामने १८९२ पासून चालू होते. १९०७ साली हिंदू संघ त्यांत आला, १९१२ साली मुसलमान संघ येऊन सामने चौरंगी झाले, आणि १९३७ साली पाचवा संघ मिळून ते पंचरंगी झाले. या पाचव्या संघाचे नाव होते ‘रेस्ट’. ज्यांची गणना वरच्या चारांत होत नाही ते हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी वगैरे सर्व या एका गोणीत भरले होते. रेस्ट म्हणजे उरलेले. एखाद्या देशातील माणसे वाटून झाल्यावर तळाशी राहिलेल्यांस असे नाव द्यावे, आणि ते नाव फलकावर लागलेले पाहून कुणास त्यात वावगे दिसू नये, यावरून त्या काळच्या मनाची कल्पना येते.

आणि वरच्या खान्यांत तरी सर्व आलबेल होते काय? हिंदू संघाचा आद्य कीर्तिमान गोलंदाज पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर गडी बाद केले. परंतु चांभार म्हणून त्यास पुण्याच्या मैदानावर चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. बाळूस हिंदू संघाचे नेतृत्व कधीच मिळाले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल यास ते १९२३ साली, पुष्कळ वादविवादानंतर, मिळाले. ज्या संघाचे नावच धर्मावरून पडले होते, त्याला आपल्या धर्माच्या माणसास आत घेण्यास इतकी वर्षे लागली.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्यास महात्माजींकडे गेली, तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितले, की युद्धाच्या आणि सत्याग्रह्यांच्या कारावासाच्या दिवसांत असले उत्सव बंद ठेवावेत हे बरे. आणि पुढे असेही म्हटले, की कॉलेजाकॉलेजांत किंवा संस्थासंस्थांत सामने व्हावेत हे आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान अशा जातवार संघांचे प्रयोजन आपल्यास कधीच उमगले नाही. विलिंग्डन कॉलेजातील मुलांनी हे वाचले होते. त्यांस ते पटलेही होते. आणि तरीही, आमचे काका सांगत, वर्तमानपत्र हाती आले की प्रथम उलटले जाई ते क्रिकेटचे पान. येथे त्यांचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. पटलेली गोष्ट आणि उलटलेले पान यांची एकवाक्यता होतेच असे नाही, एवढेच म्हणावयाचे.

त्या पानावर त्यांना हवे असे एक नाव: विजय सॅम्युएल हजारे. हजारे सांगलीचे. ११ मार्च १९१५ रोजी तेथे जन्मलेले, एका शाळामास्तरांच्या मोठ्या कुटुंबातील, मराठी ख्रिस्ती घराण्यातले. १९३८ च्या सुमारास जतच्या राजेसाहेबांनी ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यास शिक्षक म्हणून आणविले. कसोटी सामन्यांत २१६ गडी बाद करणारा, त्या काळी जगात त्या बाबतीत अग्रेसर असलेला पुरुष जतसारख्या दुष्काळी मुलखात येऊन राहिला. ही गोष्ट आज कुणी कादंबरीत घातली तर टीकाकार ती असंभाव्य ठरवितील. हजाऱ्यांची बॅट धरण्याची तऱ्हा पुस्तकी नव्हती. दोन हातांत अंतर राही. ग्रिमेटने ती मोडू नये असा सल्ला दिला. चांगला शिक्षक काय शिकवितो यापेक्षा कशास हात लावीत नाही, हेच कधीकधी अधिक महत्त्वाचे असते. १९३९–४० मध्ये पुण्यास महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. त्या संघाचे नायक दि. ब. देवधर, सर परशुरामभाऊ कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक. पंतोजीचा मुलगा आणि संस्कृतचा प्राध्यापक एकत्र येऊन रणजी करंडक जिंकतात, ही गोष्ट आमच्याकडील पांढरपेशा घरांस किती गोड वाटली असेल ते सांगावयास नको. ‘खेळून काय मिळणार’ या वडिलांच्या नित्याच्या प्रश्नास मुलांना प्रथमच थोडेसे उत्तर सापडले. पुढे हजारे बडोद्याकडे गेले. ओसरीवरील मंडळींनी ते मनास लावून घेतले नाही. बडोदे तरी आपलेच, अशी त्यांनी समजूत घातली.

आता त्या हंगामाकडे वळू. त्यातील मौज अशी, की तो दोन माणसांच्या चढाओढीचा हंगाम ठरला. हजाऱ्यांनी रेस्टकडून मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा काढून पंचरंगीतील उच्चांक केला. अंतिम सामना ब्रेबोर्न मैदानावर हिंदू आणि रेस्ट यांच्यात झाला. त्यात हिंदूंच्या विजय मर्चंटांनी नाबाद २५० केल्या, म्हणजे उच्चांक बरोबर दोन धावांनी मागे टाकला. आणि हिंदूंनी ५ गडी बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावातही आरंभीचे गडी झरझर गेले. तेव्हा हजाऱ्यांच्या जोडीस त्यांचा भाऊ विवेक आला, आणि दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भर घातली. त्या ३०० मध्ये विवेकच्या धावा होत्या २१. डाव ३८७ वर संपला, तेव्हा त्यांतील ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. शेकडा ८० ला किंचित कमी. पुढे १९७७ साली इंग्लंडात ग्लेन टर्नरने संघाच्या १६९ पैकी १४१ काढल्या, ते प्रमाण याहूनही मोठे. परंतु त्रिशतकाचा मामला निराळा.

सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. हे वाक्य आम्ही मुद्दाम वेगळे लिहिले आहे, कारण ओसरीवर ते आम्ही कधीही ऐकले नाही. ३०९ आम्हांस लहानपणापासून पाठ होते. ३८७ पाठ होते. विवेकचे २१ तर काका अशा थाटात सांगत, की जणू तेही शतकच. पण तो सामना हजारे हरले होते, आणि जिंकणारा संघ ‘हिंदू’ होता, हे आम्हांस पुढे कॉलेजात गेल्यावर एका जुन्या क्रिकेटच्या पुस्तकातून समजले. त्या दिवशी आम्हांस प्रथम प्रश्न पडला. काका हिंदू, जातवार संघांच्या हिशेबाने त्यांची बाजू ठरलेली. मग डिसेंबर १९४३ मध्ये ते कुणाच्या बाजूचे होते?

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. पंचरंगीचे समर्थक त्या काळी म्हणत, की यात द्वेष कुठे आहे, ज्याने त्याने आपल्या माणसांस प्रोत्साहन द्यावे यात वाईट काय? सारा वाद ‘आपली माणसे’ या दोन शब्दांत होता. फलक सांगे, की सांगलीच्या ख्रिस्ती मास्तरांचा मुलगा विट्याच्या ब्राह्मणाचा कुणी नव्हे आणि मुंबईचा गिरणीमालक मर्चंट त्याचा सगा. कॉलेजच्या वसतिगृहातील पोरांनी तो फलक वाचून दाखविणाऱ्याकडे पाहून काय केले असेल, याची कल्पना आम्ही करू शकतो. पण कल्पना हा पुरावा नव्हे. हजारे सांगलीचे नसते, तर याच पोरांनी रेस्टच्या एखाद्या खेळाडूसाठी जीव टाकला असता काय? आम्हांस शंका आहे. जिल्ह्याचा अभिमान हाही अभिमानच. त्याने जातीच्या अभिमानास त्या चार दिवसांपुरते खाली बसविले, एवढेच पुराव्यानिशी म्हणता येईल. मर्चंटांविषयी त्यांच्या मनात राग होताच असेही नव्हे. त्याच हंगामात, सामना संपून काही आठवडेच झाले असतील, मर्चंटांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ काढून हजाऱ्यांच्या ३१६ चा विक्रमही मोडला. ते मात्र ओसरीवर मोकळ्या मनाने सांगितले जाई. महाराष्ट्राचे गोलंदाज किती दमले, याची नक्कलही होई.

त्या वर्षाचे आणखी एक अंग आहे, आणि ते सांगितल्याखेरीज या आठवणींचा खरा रंग दिसणार नाही. १९४३ साली सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. ७ जून रोजी शेणोलीजवळ पगाराची आगगाडी लुटली गेली. २४ जुलै रोजी वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून निघाले. पाठलाग झाला, गोळीबार झाला, अण्णासाहेब पत्रावळे त्यात कामी आले आणि दादांना गोळी लागली. महात्माजी पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते. बंगालात लोक अन्नावाचून रस्त्यावर मरत होते. आणि याच वर्षाच्या शेवटी ब्रेबोर्न मैदान भरून वाहत होते. कुणी याचा संताप केला तर आम्ही त्यास चूक म्हणणार नाही. त्या वेळी तो केलाही गेला, आणि अखेर १९४५–४६ च्या हंगामानंतर पंचरंगी कायमची बंद झाली, हे योग्यच झाले असे आमचे मत आहे.

परंतु ओसरीवरील मंडळींच्या स्मरणात ही दोन अंगे वेगळी नव्हतीच. काकांचा एक ठरलेला प्रसंग असे. हजारे २९० च्या घरात आहेत, वसतिगृहातील मुले बातमीसाठी ताटकळली आहेत, तोच बाहेरून कुणी धापा टाकीत येतो आणि सांगतो, की दादा तुरुंग फोडून पळाले! मग निम्मी मुले तिकडे धावतात, निम्मी थांबतात, आणि थांबलेल्यांना ३०० झाल्याचे कळते. काका हे सांगत तेव्हा त्यांचे सोबती माना डोलावीत. धावणाऱ्यांत आपण होतो की थांबणाऱ्यांत, हे मात्र त्यांपैकी कुणीही सांगितले नाही.

हा प्रसंग घडणे शक्य नाही. तुरुंग फुटला जुलैत. ३०९ झाल्या डिसेंबरात. मध्ये चार महिन्यांहून अधिक काळ आणि सारा पावसाळा आहे. हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. या साऱ्यांच्या तारखा काकांना बिनचूक ठाऊक असत. चूक होई ती एवढ्याच ठिकाणी. वयाचे भान नसलेल्या वयात आम्ही एकदा दोन्ही तारखा कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, ‘असेल’ म्हणाले, आणि तो परत आमच्या हाती दिला. पुढच्या दिवाळीत सोबती जमले तेव्हा हजारे पुन्हा २९० च्या घरात होते, आणि बाहेरून कुणीतरी धापा टाकीत येतच होते.