महाडच्या स्टँडवर, १९७४

पावसाळा सरत आलाय. महाडच्या एसटी स्टँडवर तुम्ही मुंबईहून येणाऱ्या गाडीची वाट बघत उभे आहात. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा. रायगड व्हायला १९८१ उजाडायचंय. कोकण रेल्वेचा तर पत्ताच नाही. गाडी येते, वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरतो. ‘महाराष्ट्र टाइम्स’ हातात पडताच तुम्ही आधी खेळाचं पान काढता.

हे पान म्हणजे वि. वि. करमरकरांचं कर्तृत्व. १९६२ साली निघालेल्या या दैनिकात त्यांनी खेळाला स्वतःची जागा मिळवून दिली. क्रिकेटच्या शेजारी कबड्डी आणि खो-खो मानानं बसवले. तुम्ही कबड्डीवर वाढलेले. टेनिसचं कोर्ट कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. अशा वाचकाला डेव्हिस चषक समजावणं हे क्रीडा पत्रकाराचं खरं काम. तेव्हा चार एकेरी, एक दुहेरी, तीन दिवसांचा मुकाबला. तीन सामने जिंकेल तो देश पुढे. एवढं कळलं की भारतीय संघातले अमृतराज बंधू आपले वाटू लागतात.

सप्टेंबरात भारतानं सोव्हिएत संघाला ३-१ असं हरवलं, तेही पुण्यात. म्हणजे वरंधा घाट चढून पलीकडे! आता अंतिम फेरी. समोर दक्षिण आफ्रिका. आणि बातमी अशी की भारत खेळणार नाही. जिथं कातडीच्या रंगावर माणसाचे हक्क ठरतात, त्या राजवटीच्या संघाशी सामना नाही.

पान हातात धरूनच तुम्ही चवदार तळ्याकडे चालू लागता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर याच पाण्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. ते पाहिलेली माणसं गावात अजून आहेत. चषक गेला म्हणून हळहळणारेही भेटतील, आणि त्यांची हळहळ खोटी नाही. खेळाडूंची वर्षांची मेहनत त्यात आहे. पण जातीमुळे पाणी नाकारलं जाणं म्हणजे काय हे ज्या गावानं पाहिलं, त्याला हा निर्णय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुपारी तुम्ही पोलादपूरच्या गाडीत बसता. शेजारचा प्रवासी म्हणतो, “जरा बघू खेळाचं पान.” तुम्ही देता. कशेडीच्या पायथ्याशी उतरताना ते त्याच्याकडेच राहतं.

त्या वर्षी चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला. भारत १९६६, १९७४ आणि १९८७ अशा तीन वेळा अंतिम फेरीत पोचला, पण चषक कधीच आला नाही. या तिन्हींत मला १९७४ सर्वांत मोठं वाटतं.

करमरकर मार्च २०२३ मध्ये गेले. तुमच्या माळ्यावर त्या काळातले अंक असतील, तर रद्दीत घालू नका; गावच्या वाचनालयात नेऊन द्या.