परीकथाधिष्ठित कुमारकादंबरी

अभिजात परीकथांतील पात्रे व चमत्कार घेऊन कुमारवयीन वाचकांसाठी रचलेली दीर्घ गद्यकृती. शार्ल पेरो (१६९७) व ग्रिम बंधू (१८१२) यांच्या संग्रहांनी मौखिक कथांस ग्रंथरूप दिल्यावर, पेरोच्या कथांचा इटालियन अनुवाद केलेल्या कार्लो कोल्लोदीने ‘पिनोकिओ’ (१८८३) ही या प्रकारातील अग्रगण्य कृती सिद्ध केली. परीकथेतील ठोकळेबाज पात्रांस येथे स्वभाव व विवेक लाभतो : खोटे बोलताच नाक लांबणारा लाकडी बाहुला हट्ट, पश्चात्ताप व पुनः मोह या क्रमाने मनुष्यत्वास पोहोचतो. अशा वाचनाची पूर्वतयारी कथाश्रवणाने होते; उदा., डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने आरंभिलेल्या व पुढे कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणकार्यात आदिवासी मुलांसाठी गोष्टी-गाण्यांस स्थान होते (पहा : बालवाडी, वारली).