परकी तणे निर्मूलन : निधी आणि प्रशिक्षणार्थी (चंद्रपूर–गडचिरोली)

राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि त्यांना जोडणाऱ्या जंगलांत फोफावलेल्या परक्या वनस्पती काढणे, मोकळ्या झालेल्या जागेवर गवत परत आणणे आणि या कामावरच्या मजुरांना व शिकाऊ तरुणांना मोबदला देणे यांसाठी मिळणारे अर्थसाहाय्य. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा पैसा एका योजनेतून येत नाही. व्याघ्र प्रकल्प, कॅम्पा (भरपाई वनीकरण निधी), खनिज निधी, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, ग्रामसभांचा अबंध निधी अशी त्याची निरनिराळी खाती आहेत आणि प्रत्येक खात्याचे नियम वेगळे. झुडूप उपटायला त्यांतून पैसे निघतात. उपटल्यानंतर तिसऱ्या वर्षी त्याच जागी काय उगवले हे पाहायला मात्र क्वचितच निघतात.

क्षेत्र : ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान (१९५५, ११६.५५ चौ. किमी.). शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये त्याभोवती बफर क्षेत्र अधिसूचित झाले. गडचिरोलीत राष्ट्रीय उद्यान नाही. चपराळा, भामरागड ही अभयारण्ये आहेत. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातले गडचांदूर हे चुनखडीच्या पट्ट्यातले सिमेंटचे गाव. येथील माणिकगड सिमेंटचा कारखाना २०१९ मध्ये सेंच्युरीकडून अल्ट्राटेककडे गेला. गाव कोणत्याही संरक्षित क्षेत्रात मोडत नाही. पण वर्धा नदीपलीकडे ताडोबा आणि दक्षिणेला तेलंगणातला कावल व्याघ्र प्रकल्प यांच्या दरम्यान राजुरा, कोरपना, जिवती तालुक्यांचे जंगल पसरले आहे. वाघ या जंगलातून ये-जा करतात, आणि घाणेरीला तर कोणत्याच हद्दीचे सोयरसुतक नाही. खाणींमुळे या भागात खनिज निधी व दायित्व निधी दोन्ही जमा होतात, हे गडचांदूर या नोंदीत येण्याचे दुसरे कारण.

वनस्पती : घाणेरी किंवा टणटणी (विदर्भात रायमुनिया) मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली, बागांच्या कुंपणांना लागली आणि तेथून पाखरांनी जंगलात नेली. देशातील व्याघ्रक्षेत्राच्या ४० टक्क्यांहून अधिक भागात ती पोचल्याचे भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडले. त्या नकाशामागची बरीचशी माहिती दर चार वर्षांच्या व्याघ्रगणनेत वनरक्षकांनी आपापल्या बीटात पायी फिरून भरलेल्या तक्त्यांतून आली होती. वाघाच्या पाऊलखुणा शोधता शोधता ठरावीक जागी थांबून झुडपे आणि तणे टिपणे हे त्या तक्त्याचे काम. तणांची देशव्यापी मोजणी आपल्याकडे झाली ती अशी, वाघाच्या पाठोपाठ.

ताडोबाच्या गवती माळांवर मात्र खरा उपद्रव रानतुळस आणि तरोटा यांचा. रानतुळशीचा उग्र दर्प चितळ-सांबरांना नकोसा. ती गुडघ्यावर आली की खालचे गवत मरते. तरोटा परका की इथलाच यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे एकमत नाही. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आवडीने करतात आणि दिवाळीनंतर बिया व्यापाऱ्याला विकतात. मजुराला तो शत्रू वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. तरी कुरणात त्याने एकदा रान धरले की हरणांना चरायला उरत नाही. याखेरीज रस्त्याकडेला गाजर गवत (देशातील पहिली ठळक नोंद पुण्याची, १९५० च्या दशकातली) आणि नाल्यांच्या काठी बेशरम.

ताडोबा प्रकल्पातून नवेगाव (रामदेगी) आणि जामणी ही गावे उठून बाहेर वसली. त्यांची शेते आज कुरणे आहेत. नांगरलेली, उघडी जमीन तरोट्याला आयतीच मिळते. म्हणून गाव उठल्यावरची पहिली काही वर्षे निर्णायक असतात. मेळघाटात उठलेल्या गावांच्या जागी गवत आणण्याचे काम गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांच्या मार्गदर्शनाने झाले. मारवेल, शेडा, पवन्या अशा चाऱ्याच्या गवतांचे बी गोळा करायचे, वाफ्यात रोपे करायची आणि तण काढलेल्या जागी लावायची, ही रीत त्यानंतर राज्यातील इतर व्याघ्र प्रकल्पांतही रुळली.

कामाची पद्धत : घाणेरी कुऱ्हाडीने जमिनीलगत छाटली तर बुंध्यातून दुप्पट धुमारे फुटतात. अंदाजपत्रकात ‘झुडपे कटाई’ म्हणून दाखवलेले काम यामुळेच वाया जाते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटमध्ये बसवलेली पद्धत आता बहुतेक ठिकाणी सांगितली जाते. कुदळीने बुंध्याभोवतीची थोडी माती मोकळी करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडायचे आणि सबंध झुडूप उलटे, मुळे आभाळाकडे करून जागीच वाळू द्यायचे. कुदळ फिरेल एवढीच माती मोकळी केली तरी पुरते. जमीन फारशी उकरली जात नाही, म्हणून झोपलेले बीही जागे होत नाही. पुढच्या पावसाळ्यात पाखरे बसतात त्या झाडांखाली पुन्हा फिरायचे, कारण नवी रोपे तिथेच दाट येतात. रानतुळस आणि तरोटा हाताने उपटता येतात, पण फूल येण्याआधी आणि ओल असताना. म्हणजे काम जुलै-ऑगस्टमध्ये उरकायला हवे. शेंग धरल्यावर उपटलेला तरोटा बी पेरत पेरतच ढिगाकडे जातो, आणि त्याचे टणक बी मातीत अनेक वर्षे टिकते.

निधीचे स्रोत : व्याघ्र प्रकल्पाच्या केंद्रपुरस्कृत योजनेत अनावर्ती खर्च केंद्र व राज्य ६०:४० प्रमाणात आणि आवर्ती खर्च निम्मा-निम्मा उचलतात. प्रकल्प दरवर्षी कार्य आराखडा पाठवतो. ‘अधिवास सुधारणा’ या शीर्षाखाली तण काढणे व कुरण विकास येतो. प्रवेश शुल्क व पर्यटनाचे उत्पन्न वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-एक्स खालील व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानात जमा होते. हा पैसा जिल्ह्यातच राहतो, त्यामुळे तातडीच्या कामाला सर्वांत सोयीचा हाच.

सर्वांत मोठी थैली कॅम्पाची. खाण, रस्ता, धरण यांसाठी वनजमीन वळती झाली की वापरणारी यंत्रणा भरपाई वनीकरणाचा खर्च आणि जंगलाचे नक्त वर्तमान मूल्य भरते. भरपाई वनीकरण निधी कायदा २०१६ चा, नियम २०१८ चे. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रुपये सुपूर्द केले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा सुमारे ३,८४४ कोटींचा होता. नक्त वर्तमान मूल्यातील किमान ८० टक्के रक्कम वन व वन्यजीव व्यवस्थापनावर खर्चायची असते, आणि अधिवास सुधारणा त्यात बसते. रोपे लावल्याचा फलक मात्र रस्त्यावरून दिसतो, उपटलेली रानतुळस दिसत नाही. कॅम्पाचा ओढा लागवडीकडे राहिला यात नवल नाही.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीतून आले. खाणपट्टाधारक स्वामित्वधनाच्या जोडीला त्याच्या १० टक्के (लिलावातील पट्टे) किंवा ३० टक्के (जुने पट्टे) रक्कम त्यात भरतात. पर्यावरण हा त्यातील अग्रक्रमाचा विषय आहे. चंद्रपुरात कोळसा आणि चुनखडी, गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज यांमुळे ही रक्कम मोठी होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे द्यावयाच्या दोन टक्के दायित्व निधीतूनही वनस्पती-प्राणी संरक्षणावर खर्च करता येतो. सिमेंट कारखान्यांच्या परिसरात हा निधी शाळा, दवाखाने, पाणी यांकडे आधी वळतो, आणि गावांचे म्हणणेही तेच असते. राज्याच्या जनुक कोश प्रकल्पात (२०२२, पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रु.) गवताळ प्रदेश आणि वनहक्काखालील क्षेत्रे हे दोन स्वतंत्र विषय आहेत.

वेळापत्रकाची अडचण : सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, तणाचे वर्ष मृग ते दिवाळी. आराखडा मंजूर होऊन हप्ता परिक्षेत्रापर्यंत येईस्तोवर बहुधा तरोट्याला शेंगा लागलेल्या असतात. आणि मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत काम निघते तेव्हा रानतुळस वाळून बी झाडून मोकळी झालेली असते. हजेरीपट भरतो, मोजमाप पुस्तिकेत हेक्टर चढतात, कुरण होते तसेच राहते. दुसरी गोष्ट मोजण्याच्या एककाची. अंदाजपत्रक ‘साफ केलेले हेक्टर’ मोजते, ‘तीन वर्षांनी साफ राहिलेले हेक्टर’ मोजत नाही. ते मोजायला त्याच खुंट्यांमध्ये दरवर्षी जाऊन रोपे गणणारा माणूस लागतो. वनरक्षकाला गस्त, वणवा, मानव-वन्यजीव संघर्ष यांतून सवड नसते. प्रशिक्षणार्थीची गरज नेमकी इथे भासते.

प्रशिक्षणार्थी व विद्यावेतन : अमेरिकेत स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशनने १९५७ पासून विद्यार्थ्यांना राष्ट्रीय उद्यानांत कामाला लावले, तेथील उद्यान सेवेने २००० पासून परक्या वनस्पतींसाठी फिरती पथके नेमली आणि त्यांच्याबरोबर शिकाऊ तरुण काम करतात. दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा कार्यक्रम काढला. परकी झाडे पाणी पितात, ती काढली तर नद्यांना पाणी राहील आणि बेरोजगारांना मजुरीही मिळेल, हा त्याचा हिशोब. रोजगार हमीचा जन्म ज्या राज्यात झाला त्याला हा हिशोब नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने तो पाझर तलावांवर मांडला होता.

भारतात वन विभागाकडे येणारे पदवी-पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा विनावेतन किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या आधाराने काम करतात. केंद्राच्या हरित कौशल्य विकास कार्यक्रमाने (२०१७) वनस्पती ओळखणारे सहायक तयार करणारे अभ्यासक्रम चालवले, पण ते प्रशिक्षण, नेमणूक नव्हे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये ठरले. मुदत आधी सहा महिने, २०२५ मध्ये अकरा. शासकीय कार्यालये योजनेत येतात, म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयालाही ती लागू पडते. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची राज्यातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. पंचवीस दिवसांचे ७,८०० होतात. पदवीधर प्रशिक्षणार्थी आणि कुदळ चालवणारा मजूर यांच्यात अंतर आहे ते एवढेच. मूळची सहा महिन्यांची मुदत जूनमध्ये सुरू झाली तर तणाचा हंगाम पुरा सापडे, जानेवारीत सुरू झाली तर पुरा हुके. योजना हा फरक करत नसे. शिवाय तरुण कार्यालयात आला की त्याच्या हाती संगणक दिला जातो, खुंट्या आणि दोरी नाही. कुरणात कायमच्या नमुना-चौकटी आखून त्या जून व ऑक्टोबरमध्ये मोजणे हे काम वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कोणाही मुलामुलीला दोन आठवड्यांत शिकवता येते, आणि चंद्रपूरची वन अकादमी हाताशी आहे.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ३५(६) प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढायची तर ती वन्यजीवांच्या भल्यासाठीच, आणि काढलेला माल आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरता वापरता येतो, विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातील १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने उद्याने व अभयारण्यांतून गवतसुद्धा हलवण्यास मनाई झाली. म्हणून घाणेरी जागीच उलटी पडते. उद्यानाबाहेर वाट मोकळी आहे : कर्नाटकात सोलिगा आदिवासी कारागीर तिच्या फांद्यांचे फर्निचर करतात, तमिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींचे स्वतंत्र धोरण केले. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आलेले कलम ६२-अ परक्या आक्रमक प्रजातींचा व्यापार व प्रसार रोखण्याचे आहे. 

ग्रामसभा : गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे जिल्ह्यातील शेकडो गावे त्या वाटेने गेली. चंद्रपुरात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव हे त्यातले नामांकित. या गावांचे बांबू व तेंदूपानाचे उत्पन्न स्वतःचे असते, आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. वन्यजीव व जंगल संवर्धन हा त्याच्या मान्य विषयांपैकी एक. इथे मंजुरी ग्रामसभेतच होते, त्यामुळे पाऊस पडल्यावर आठ दिवसांत माणसे माळावर जाऊ शकतात. कोरपना, जिवती, राजुरा तालुक्यांतील पेसा गावांनाही ही सोय लागू आहे. घाणेरी काढावी असे तिथे कोणाला वाटते ते मुख्यतः गुरांच्या वाटा बंद झाल्या म्हणून आणि दाट जाळीत जनावर बसले तर दिसत नाही म्हणून.