सोमॅटोस्टॅटिन : ‘थांब’ म्हणणाऱ्या संप्रेरकाची नक्कल

१/
१९७३. कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूट. शरीराची वाढ घडवणाऱ्या आज्ञेचा शोध चालला होता. हाती लागली ती वाढ थांबवणारी आज्ञा. तो रेणू रक्तात मिनिटभरातच विरू लागे. तरीही त्याच्या नकलेने पुढे असंख्य रुग्णांचे जगणे सुसह्य केले. त्या रेणूचा आणि त्याच्या नकलेचा हा इतिहास. #थ्रेड

२/
मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस त्याखालच्या पीयूषिका ग्रंथीला रासायनिक आज्ञा देतो. या आज्ञा ओळखण्यासाठी दोन शास्त्रज्ञांत अनेक वर्षे स्पर्धा चालली : रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली. दोघे एकेकाळचे सहकारी. गियमँ मेंढ्यांचे मेंदू जमवत, शॅली डुकरांचे. आज्ञेचे प्रमाण इतके अत्यल्प, की लाखो मेंदूंशिवाय काहीच हाती लागत नसे.

३/
गियमँ यांच्या चमूला वाढीचे संप्रेरक स्रवायला लावणारा घटक हवा होता. प्रयोगपात्रातील उंदरांच्या पीयूषिका-पेशींवर मेंढ्यांच्या मेंदूचा अर्क घालताच स्राव वाढण्याऐवजी घटला. पुन्हा तेच. असा रोधक घटक असावा, अशी चिन्हे १९६८ मध्येच अमेरिकेतील दुसऱ्या एका गटाला दिसली होती. आता सुमारे पाच लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून तो वेगळा काढण्यात आला.

४/
नाव पडले सोमॅटोस्टॅटिन. ग्रीक भाषेत ‘सोमा’ म्हणजे देह. आपल्या सोमरसाशी त्याचा संबंध नाही. केवळ १४ अमिनो आम्लांची ही साखळी स्वादुपिंडात आणि आतड्यातही सापडली. वाढीचे संप्रेरक, इन्सुलिन, ग्लुकॅगॉन, पाचक स्राव : अनेकांना ती ‘थांब’ म्हणते. १९७७ चे नोबेल गियमँ, शॅली आणि रोझलिन यॅलो यांना मिळाले.

५/
अशा ‘थांब’ची निकड कोणाला होती? १८८६ मध्ये पिएर मारी या फ्रेंच वैद्याने ‘ॲक्रोमेगॅली’चे वर्णन केले होते. पीयूषिकेतील गाठीमुळे वाढीचे संप्रेरक अमाप स्रवते. हातपाय, जबडा वाढत जातात, हृदय थकते. १९०७ मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने आतड्यातील ‘कार्सिनॉइड’ गाठींना नाव दिले. त्यांपैकी काही गाठी रक्तात संप्रेरके ओततात : चेहरा लालबुंद होतो, जुलाब थांबत नाहीत, हृदयाच्या झडपा निकामी होतात.

६/
पण मूळ सोमॅटोस्टॅटिन औषध म्हणून अडचणीचे. दोन-तीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येई, म्हणून ते शिरेतून अखंड देत राहावे लागे. शिवाय ते थांबवताच दाबलेले स्राव पुन्हा उसळत.

७/
त्याचे इवलेपण मात्र एका वेगळ्या क्रांतीच्या कामी आले. १९७७ मध्ये इताकुरा, रिग्ज आणि बॉयर यांच्या गटाने त्याचे जनुक रासायनिक पद्धतीने घडवले आणि ई. कोलाय जिवाणूत घातले. आरंभी जिवाणूच तो रेणू नष्ट करीत. मग तो एका मोठ्या प्रथिनाला जोडून वाचवला आणि नंतर तोडून सुटा केला. जिवाणूकडून घडवलेले हे पहिले मानवी संप्रेरक. पुढच्याच वर्षी याच मार्गाने मानवी इन्सुलिन तयार झाले.

८/
तथापि रुग्णाचा प्रश्न सुटला तो दुसऱ्या वाटेने. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सँडोझ कंपनीत विल्फ्रीड बावर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये आठच अमिनो आम्लांचा रेणू सादर केला. मूळ साखळीतील चार आम्लांचा कळीचा तुकडा त्यात राखला होता. त्यातील एक आणि टोकाचे एक आम्ल मात्र आरशातील प्रतिमेसारखे उलटे होते. शरीरातील विकरांना असा रेणू सहजी तोडता येत नाही. मिनिटांचे आयुष्य सुमारे दीड तासावर गेले. हेच ऑक्ट्रिओटाइड.

९/
१९८६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी कार्सिनॉइडच्या २५ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. २२ जणांची लाली आणि जुलाब तत्काळ आटोक्यात आले. १९८८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढे ते ॲक्रोमेगॅलीत आणि यकृताच्या आजारात अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून होणाऱ्या रक्तस्रावातही वापरले जाऊ लागले. नंतर महिन्यातून एकदाच घ्यायचे इंजेक्शन आले.

१०/
हे औषध गाठ समूळ नष्ट करीत नाही. पित्ताशयाची हालचालही मंदावत असल्याने पित्तखडे होऊ शकतात. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस रॉटरडॅममधील वैद्यांनी त्याचा आणखी एक गुण हेरला. अशा गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनला धरून ठेवणारे ‘ग्राही’ विपुल असतात. मग नकलेला किरणोत्सारी अणू जोडला तर? लपलेली गाठ छायाचित्रात उजळून दिसू लागली.

११/
पुढची पायरी उघडच होती : अणू असा निवडावा, की तो गाठीला जाळेल. ल्युटेशियम-१७७ जोडलेल्या नकलेला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. या इतिहासाचा एक धागा मुंबईतही येतो. तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्यावर आधारित उपचार होतात.

१२/
आणि गियमँ ज्याच्या शोधात निघाले होते, तो वाढीचा घटक? तो १९८२ मध्ये सापडला. मेंढीच्या मेंदूत नव्हे, तर ॲक्रोमेगॅली झालेल्या माणसाच्या स्वादुपिंडातील गाठीत. त्याच वर्षी ऑक्ट्रिओटाइडही जगासमोर आले. वैद्यकाला अधिक उपयोगी ठरला तो मात्र न मागता मिळालेला ‘थांब’. आणि तोही मूळ रूपात नव्हे, तर जवळजवळ निम्मा छाटून टिकाऊ केल्यानंतर.